दुसरे मांजर कधी येणार?

२०२४ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. नववीची परीक्षा तोंडावर आलेली आणि आमची लेक गच्चीच्या जिन्यावर फोन हातात धरून रडत बसलेली. मैत्रिणीशी बिनसले असेल, नाहीतर गणिताचा धसका घेतला असेल, असे मला वाटले. जवळ जाऊन विचारले, तर हुंदका आवरत म्हणाली, "बेंगळुरूच्या दादाला दुसरं मांजर मिळालं. मला नाही मिळणार."

आमच्या घरात पहिलेही मांजर नाही. सासूबाईंना मांजर चालत नाही. थोड्या वेळाने उलगडा झाला, की हे मांजर फोनमधले आहे.

'स्टारड्यू व्हॅली' नावाचा एक गेम आहे. शहरातल्या कंपनीत खुर्चीला खिळून काम करणाऱ्या एका तरुणाला आजोबा खेड्यातली जमीन ठेवून जातात. तो नोकरी सोडतो आणि शेत करायला जातो. (तरुणाऐवजी तरुणीही निवडता येते.) जमिनीवर तण माजलेले, दगडधोंडे पडलेले. ते काढायचे, पेरायचे, पाणी घालायचे, कोंबड्या-गाई पाळायच्या, नदीवर गळ टाकून बसायचे, गावातल्या माणसांच्या वाढदिवसाला काहीतरी घेऊन जायचे. खाणीत उतरलात तर थोडी मारामारी आहे, पण ती भुताखेतांशी. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू. ऋतू पालटला की आधीच्या ऋतूचे पीक उभ्या जागी वाळते.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये वडिलांच्या जुन्या फोनवर लेकीने हा खेळ सुरू केला. काही शे रुपये एकदाच द्यायचे, नंतर आत कुठे पैसे मागत नाही, जाहिराती नाहीत. म्हणून आम्ही परवानगी दिली. सासूबाई बैलहोंगलकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडले. मग एकदा नातीच्या शेजारी बसून बघितले, आणि चार दिवसांत पीक हाती येते हे कळल्यावर म्हणाल्या, "हे असं असतं तर आमच्या मामंजींनी कशाला सोसायटीचं कर्ज काढलं असतं!" पण गेममध्ये पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावे लागत नाही, हे त्यांना फार आवडले. तेव्हापासून नात फोन घेऊन बसली की अज्जीचा प्रश्न ठरलेला: "मळी बंतेन?"

तर १९ मार्च २०२४ रोजी या गेमची नवी आवृत्ती आली, १.६ क्रमांकाची. तिच्यात नवे सण होते, नव्या प्रकारचे शेत होते, हिवाळ्यात गावकऱ्यांच्या अंगावर गरम कपडे होते, अंड्यांचे मेयोनीज चक्क पिता येत होते (हे कुणाला हवे होते, देव जाणे), आणि एकाहून जास्त पाळीव प्राणी ठेवता येत होते. सगळे फुकट. ज्याने गेम पूर्वी घेतला त्याला नवी आवृत्ती आपोआप मिळणार. अडचण एवढीच, की ती फक्त कॉम्प्युटरसाठी होती. फोनवाल्यांनी आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांनी थांबायचे. किती, ते सांगितलेले नव्हते.

दादाकडे कॉम्प्युटर आहे. त्याने दोन मांजरांचा फोटो पाठवला, आणि जिन्यावरचे रडणे सुरू झाले.

मी तेव्हा हसले. हसायला नको होते. कारण लेकीची ही पहिली वेळ नव्हती. याच्या आधीची मोठी आवृत्ती, १.५, कॉम्प्युटरवर आली डिसेंबर २०२० मध्ये. फोनवर आली जानेवारी २०२३ मध्ये. दोन वर्षांहून अधिक! लेक बारा वर्षांची असल्यापासून 'फोनवर कधी येणार' हे वाक्य आमच्या घरात आहे. तिच्या दृष्टीने बघितले तर तिने पैसे भरले होते, खेळ मनापासून खेळत होती, आणि तरी पंगतीत तिच्यापुढे वाढपी पोचायच्या आत पातेले रिकामे होत होते. हे दुःख खोटे नाही.

उन्हाळ्याची सुट्टी सरली, शाळा सुरू झाली, पावसाची झड लागली. जुलैतल्या एका रविवारी तिचा फोन चार्जिंगला लावताना मी तिने गेम करणाऱ्याला पाठवलेला संदेश वाचला. वाचायला नको होता हे मान्य. इंग्रजीत होता. मराठीत सांगायचे तर: 'आम्ही फोनवाले माणसं नाही का? चार महिने झाले. तू आळशी आहेस. जमत नसेल तर सोडून दे, दुसऱ्याला करू दे.'

माझे कान तापले. ते वाक्य मी आधी ऐकले होते. अगदी असेच, शब्दसुद्धा जवळपास हेच. आमच्या दुकानाच्या पायरीवर.

माझे बाबा शिंपी होते. शहापुरात, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. एक पायाचे मशीन, एक इस्त्री, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. ते एकटेच. काजं-बटणं आई करायची, आणि शाळेतून आल्यावर मी. बाबांचा हात फार चांगला होता. ब्लाऊजच्या गळ्याला कधी चुणी पडली नाही. म्हणूनच गिऱ्हाईक तुटत नव्हते आणि म्हणूनच कामाचा ढीग कधी संपत नव्हता. लग्नसराई, गणपती, दिवाळी आली की बाकावर माणसे बसलेली असायची. "मास्तर, तयार?" "उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा "उद्या". कन्नड गिऱ्हाईक आले की "नाळे बर्री". दोन्ही भाषांत एकच थाप.

पुढे पुढे बाबांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मग मला दारात उभे करत. "बाबा घरी नाहीत," असे मी सांगायचे आणि आत मशीन गप्प व्हायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. मशीनचा आवाज थांबला की खोटे पकडले जाते, हे गिऱ्हाइकांनाही कळत होते. एकजण ओरडून गेला, "आळशी माणूस! जमत नसेल तर घेऊ नका म्हणावं कामं!" बाबा आत होते. रात्री दोनपर्यंत जागणारा माणूस, आणि त्याला आळशी म्हणतात! मला त्या गृहस्थाचा इतका राग आला होता, की अजून त्यांचा चेहरा आठवतो.

लेकीला मी काहीच बोलले नाही. तिचा संदेश वाचला हे कबूल करायला लागले असते. त्याऐवजी हा गेम करणारा कोण, ते बघायला बसले. मला वाटले होते, अमेरिकेतली मोठी काचेची इमारत, शेकडो माणसे, कुणीतरी फोनवाल्यांचे काम बाजूला ढकलले असेल.

निघाला एकच माणूस. एरिक बॅरोन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला. २०११ साली कॉम्प्युटरची पदवी घेतली, नोकरी मिळेना. हाताला सवय राहावी, नोकरीला अर्ज करताना दाखवायला काहीतरी असावे, म्हणून लहानपणी आवडलेल्या एका जपानी शेती-गेमच्या धर्तीवर स्वतः गेम करायला घेतला. थोड्या महिन्यांत होईल असे वाटले होते. लागली साडेचार वर्षे. प्रोग्रॅम त्याचा, चित्रे त्याची, संगीत त्याचे, गावातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडचे वाक्य त्याचे. चित्रकला पुरेशी येत नव्हती, मग शिकत शिकत तीच ती माणसांची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. संध्याकाळी सिॲटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचे काम करी, आणि घर मुख्यतः जोडीदारीण चालवत होती. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी गेम विक्रीला आला. २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

इथे वाचक म्हणतील, मग आता तो गरीब कुठे राहिला? माणसे ठेवावीत आणि काम उरकावे! माझ्या यजमानांनीही हेच म्हटले. ते बँकेत आहेत, त्यांना प्रत्येक गोष्ट काउंटर वाढवून सुटते असे वाटते. बॅरोनने पुढे मोजके मदतनीस घेतले, हे खरे. फोनची आवृत्ती तर सुरुवातीला दुसऱ्याच एका छोट्या कंपनीने करून दिली होती. आयफोनवर २०१८ मध्ये आली आणि अँड्रॉइडवर २०१९ मध्ये. पण नवे काय घालायचे, कुठले वाक्य कुणाच्या तोंडी द्यायचे, हे अजून तोच बघतो. बाबांनाही लोक सांगायचे, एक कारागीर ठेवा. दोनदा ठेवला. दोन्ही वेळा गिऱ्हाईक परत आले, "हा तुमचा हात नाही" म्हणून.

शिवाय फोनवरचे काम म्हणजे कॉम्प्युटरवरचा कपडा उचलून फोनला घातला, असे नसते. कॉम्प्युटरवर कळफलक आणि माउस. फोनवर नुसते बोट, आणि ते बोट पडद्याचा चतकोर भाग झाकते. प्रत्येक नवी खिडकी, प्रत्येक नवे दुकान त्या बोटाच्या मापाने बेतावे लागते. फोन शेकडो तऱ्हांचे. एकावर चाललेले दुसऱ्यावर अडते. निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट यांच्या यंत्रांवर द्यायचे तर त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. गेम बारा भाषांत आहे. प्रत्येक नवे वाक्य अकरा वेळा भाषांतर होऊन यायचे. (त्या बारांत मराठी नाही, कन्नड नाही. हंगेरियन आहे. आमच्या घरात या एका मुद्द्यावर अज्जीपासून नातीपर्यंत सर्वांचे एकमत झाले.) आणि सगळ्यात नाजूक बाब, लोकांची जुनी शेते. कुणी २०१६ पासून एकच शेत कसत आलेले असते. नव्या आवृत्तीने ते मोडले, तर त्या माणसाची आठ वर्षे गेली. एक चूक दुरुस्त करायला जावे आणि दुसरीकडे तीन उसवावेत, हा प्रकार कॉम्प्युटरच्या कामात रोजचा आहे, असे आमच्या भाच्याने सांगितले. तो त्याच धंद्यात आहे. बाही सोडवली की खांदा बिघडतो, हे मला सांगायला भाचा लागत नाही.

त्याच जुलै महिन्यात बॅरोनने जाहीरपणे एक शपथ घेतली होती. आपल्या घराण्याच्या नावाची आण घेऊन त्याने सांगितले, की जिवंत असेपर्यंत या गेमच्या कुठल्याही नव्या आवृत्तीचे किंवा भरीचे पैसे घेणार नाही, आणि हा शब्द मोडला तर मला खुशाल लाज आणा. अमेरिकेतला तरुण घराण्याची आण घेतो, हे वाचून मला गंमत वाटली.

ही शपथ मी लेकीला वाचून दाखवली. वाटले, वरमेल. तिने काय विचारावे? "पैसे घेणार नाही म्हणाला. कधी देणार ते म्हणाला का?"

मी निरुत्तर झाले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की बाबांची बाजू घेण्याच्या नादात मी लेकीचा प्रश्नच ऐकला नव्हता. फुकट देतोय म्हणजे विचारायचे नाही, असे थोडेच असते? 'फोनवरही येईल' हा शब्द त्यानेच दिलेला. शब्द फुकट दिला तरी तो शब्दच.

छोट्या गेमवाल्यांच्या बाबतीत हे रडगाणे जगभर आहे, हे मला पुढच्या आठवड्यांत कळत गेले. लेकच सांगत होती. माझ्याशी या विषयावर बोलता येते हे तिला नवीन होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये 'टीम चेरी' म्हणून तीन-चार जणांचा चमू आहे. २०१४ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून 'हॉलो नाइट' हा किड्यांच्या राज्यातला गेम केला. तो २०१७ मध्ये आला आणि गाजला. वर्गणीच्या वेळी त्यांनी आणखी एक कबूल केले होते, की गेममधली हॉर्नेट नावाची दुसरी व्यक्तिरेखाही खेळायला देऊ. त्या एका कबुलीचा वाढत वाढत अख्खा नवा गेम झाला, 'सिल्कसाँग'. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. मग शांतता. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका कार्यक्रमात तो बारा महिन्यांत येईल अशा यादीत दिसला. २०२३ च्या मे महिन्यात कळले, की नाही, काम वाढले आहे. पुन्हा शांतता. एक पठ्ठ्या रोज व्हिडिओ करून सांगायचा, 'आज सिल्कसाँगची काही बातमी नाही.' रोज! वर्षानुवर्षे! मला तर हे एखाद्या वारीसारखे वाटले.

शेवटी २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी सांगितले, ४ सप्टेंबरला येतोय. दोन आठवड्यांची सूचना. इतर छोट्या गेमवाल्यांची तारांबळ उडाली. मोठ्या घरच्या लग्नाच्या दिवशी आपले लग्न नको, तशा त्यांनी आपापल्या तारखा पुढे ढकलल्या. ४ सप्टेंबरला इतकी गर्दी लोटली, की गेम विकणारी मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ अडखळली. आणि उशिराचे कारण? भांडण नाही, संकट नाही. त्यांनी सांगितले, की आम्हाला काम करताना मजा येत होती, नवे सुचत होते, म्हणून वाढत गेले. सात वर्षे! ज्यांनी २०१४ मध्ये वर्गणी दिली होती त्यांना हा गेम कबूल केल्याप्रमाणे मोफत मिळाला, हे सांगायला हवे.

दुसरीकडे 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' करणाऱ्या इंग्लंडमधल्या मंडळींची कथा आहे. गेम अर्धा असतानाच विकायला सुरुवात केलेली, म्हणजे लोकांचे पैसे आधीच हातात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या घरी चोरी झाली आणि काम असलेले लॅपटॉप गेले. ताज्या कामाची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. ही चूक त्यांचीच. लोक तुटून पडले, आणि तेही लोकांवर चिडले. वाटले असेल, संपले सगळे. पण ते आजही त्याच गेमवर काम करतात. एक मोठी आवृत्ती २०२१ च्या डिसेंबरमध्ये पक्की झाली, पुढची चाचणीसाठी म्हणून २०२४ च्या डिसेंबरमध्ये आली. तीन वर्षांचे अंतर. तिकडचे खेळाडू आता ऋतूंऐवजी आवृत्त्यांनी वर्षे मोजत असतील.

आपल्या जवळचे उदाहरण बघायचे तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'चे आहे. 'राजी' या भारतीय पुराणकथांच्या वातावरणातल्या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम काढली. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ते थांबले नाहीत. २०२० मध्ये गेम बाहेर आला. या मधल्या तीन वर्षांत मासिक पगार कसे निघाले असतील, हा विचार खेळणाऱ्याच्या मनात येत नाही. का यावा? ब्लाऊज घ्यायला आलेली बाई मशीनचा हप्ता विचारत नाही.

आणि रागाची दुसरी टोकेही आहेत. 'नो मॅन्स स्काय' हा इंग्लंडच्याच एका छोट्या चमूचा गेम २०१६ मध्ये जूनऐवजी ऑगस्टमध्ये येणार असे जाहीर झाले, तेव्हा तो करणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दोन महिन्यांच्या उशिरासाठी! लेकीला हे ठाऊक नव्हते. ऐकून ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मी पण एक लिहिलं होतं. धमकी नव्हती. पण चांगलं नव्हतं."

तेव्हा मी तिला बाबांच्या दुकानातली दुसरी गोष्ट सांगितली. ही मी कुणाला फारशी सांगत नाही.

वडगावहून एक बाई यायच्या. मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज टाकले होते, पाच. साड्या तिथल्याच विणकराच्या, कापड भारी. लग्न गुरुवारी. सोमवारी आल्या: "उद्या." मंगळवारी मी दारात: "बाबा घरी नाहीत." बुधवारी संध्याकाळी त्या आल्या तेव्हा तीन तयार होते, दोन बेतलेले पडले होते. मी वाट बघत होते, आता ह्याही ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मग बाबांना म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला सवड नव्हती तर नसू दे. सोमवारी सांगितलं असतं तर मी दुसरीकडे शिवून घेतले असते. तुम्ही माझे तीन दिवस खाल्ले."

बाबा त्या रात्री झोपले नाहीत. दोन्ही ब्लाऊज पहाटे सायकलवरून पोचवून आले. शिलाई घेतली नाही. पण त्या बाई पुन्हा आमच्याकडे कधी आल्या नाहीत, आणि बाबा त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगे बोलले नाहीत. ज्याने आळशी म्हटले होते त्याच्या नावाने मात्र वर्षभर बोटे मोडत होते.

मला आता वाटते, उशीर आणि 'उद्या' या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तारीख सांगत नाही, असे म्हणणाऱ्या ॲडलेडच्या लोकांवर मी तितकी चिडणार नाही. त्यांनी निदान 'नाळे बर्री' केले नाही. पण सलग दीड-दोन वर्षे दारच उघडायचे नाही, हेही मला पटत नाही. 'आहोत, काम चालू आहे' एवढे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? आत मशीन चालू आहे हा आवाज तरी बाकावरच्या माणसाला ऐकू यावा. लेकीचे मत माझ्याहून कडक आहे. ती म्हणते, तारीख सांगायची नसेल तर 'येणार आहे' असेही आधी सांगू नये. गुपचूप करावे आणि एक दिवस द्यावे. तिचे वडील म्हणतात, मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल. आमच्या घरात हा वाद मिटलेला नाही.

बॅरोन मात्र अधूनमधून कामाची बातमी देत राहिला. २०२१ मध्ये त्याने 'हाँटेड चॉकलेटिअर' नावाचा नवा गेमही जाहीर केलेला आहे, १.६ च्या पायी तो मागे पडला, म्हणजे एका रांगेतल्यांना वाढताना दुसरी रांग उपाशी. ऑक्टोबरमध्ये त्याने तारीख सांगितली: ४ नोव्हेंबर. लेकीने ती कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. खाली दिवाळी छापलेली, तिच्यावर काही नाही.

भाऊबीज ३ तारखेला झाली. बेंगळुरूचा दादा आला होता, ओवाळणी घालून रात्रीच्या बसने परत गेला. ४ तारखेला सोमवार. आपल्याकडे आणि अमेरिकेत वेळेचा फरक, त्यामुळे दिवसभर काही आले नाही आणि घरात मला कुणी हाक मारली नाही. रात्री उशिरा नवी आवृत्ती आली, तर फोनमध्ये जागा नाही. दिवाळीचे फोटो काढून टाकायचे, की आणखी काही, यावर रात्री अकराला आमच्या घरात सभा भरली. शेवटी माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ गेला. (तिला कळवू नये.)

दुसरे मांजर लगेच मिळत नाही, हे तेव्हा कळले. पहिल्या मांजराचे आपल्यावर पुरते प्रेम बसलेले असावे लागते, मग दुसरे घ्यायला परवाना मिळतो, आणि त्यालाही गेममधले पैसे मोजावे लागतात. पहिल्याचे प्रेम तीन वर्षांत पुरेसे झालेले होते. पैसे कमी पडत होते. तिने दोन दिवस भोपळे विकले आणि बुधवारी शाळेत जायच्या आधी मांजर घेतले. करड्या रंगाचे. नाव ठेवले कुंदा.

त्या बुधवारी संध्याकाळी तिने बॅरोनला दुसरा संदेश पाठवला. या वेळी मला आधी दाखवला, इंग्रजी बरोबर आहे का ते बघायला. 'पहिल्या संदेशाबद्दल माफ कर. मांजर मिळाले.' एवढेच. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होते; चार कोटी गिऱ्हाइकांत कुणाकुणाला लिहिणार? त्याच्या खाली एक ओळ होती, ती मी वाचली आणि काही न बोलता फोन परत दिला: 'पण पुढच्या वेळी थोडं आधी सांग.'

२०२५ मध्ये त्याने १.७ ही आवृत्ती करत असल्याचे सांगितले. तारीख दिली नाही. लेक तेव्हा दहावी होऊन कॉलेजात गेली होती आणि मला वाटले होते, आता सुटली यातून. कुठली सुटते! ही बातमी तिने पहिल्यांदा अज्जीला सांगितली. अज्जी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "यावाग बरतद?"

"गोत्तिल्ल, अज्जी."

"हं," अज्जी म्हणाल्या, आणि शेंगांचे सूप तिच्यापुढे सरकवले.